लॉइडचा ढीग

पानं ओढून घेणारी गाडी लॉइडच्या ढिगापाशी थांबली आणि तिची घरघर बंद पडली. समोरच्या घरात क्लिफ पडद्याआड उभा राहून बघत होता.

गाडीवरच्या बाईने ढिगात दाताळं घातलं. एक फांदी निघाली. मग दुसरी. मग तर भाराच निघाला. तिने वैतागून मान हलवली, ढिगावर नारिंगी पाटी खोचली आणि ड्रायव्हरला हात केला. गाडी पुढे गेली. यंदाची ही शेवटची फेरी होती. आता हा ढीग बर्फाखाली कुजत पडणार.

गावाचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ होता. रस्त्याच्या कडेला फक्त पानं रचायची. फांद्या गाडीच्या नळीत अडकतात, म्हणून त्यांच्या वेगळ्या मोळ्या बांधायच्या. पानांत फांद्या सापडल्या की अख्खा ढीग तिथेच राहतो. पण वाकून मोळ्या कोण बांधणार? क्लिफचे गुडघे दुखत होते, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे अंगात आळस भरला होता. वादळात आपल्या अंगणात पडलेल्या फांद्या त्याने सकाळी हातगाडीत भरल्या, रस्ता ओलांडला आणि लॉइडच्या ढिगात खुपसल्या. वर पानं पसरली. मान वर केली तर खिडकीत लॉइड उभा! क्लिफने हात हलवला. लॉइडनेही हलवला.

कळायचं नाही कुणाला, क्लिफने स्वतःला समजावलं. आणि लॉइडला कुठे काय आठवतंय? हा दुसरा विचार त्याने मनातसुद्धा हळू आवाजात केला होता.

लॉइडची आठवण दोन वर्षांपासून गळत चालली होती. लेकीचं नाव विसरायचा. किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायचा. पण पानगळ सुरू झाली आणि दाताळं हातात आलं की गडी पूर्वीसारखा व्हायचा. एक काटकी राहू द्यायचा नाही. जाणारे येणारे थट्टा करायचे, "लॉइड, पानं रचतोयस की लग्नाचा केक?" त्याची बायको डोरीन लेकीला फोनवर ठणकावून सांगायची, "हे काम जमतंय ना त्याला? मग तो माझ्या घरातच राहील. वृद्धाश्रमाचं नाव काढू नकोस." हे क्लिफला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

त्याच आठवड्यात डोरीन क्लिफच्या दारात आली. हातात भोपळ्याचा गोड पाव, डोळे सुजलेले.

"क्लिफ, तुला तोंड कसं दाखवू तेच कळत नाही."

चोराच्या मनात चांदणं. क्लिफला वाटलं, हिला कळलं सगळं.

"ढिगात फांद्या स्वतःच घातल्या, आणि लॉइड सगळ्यांना सांगत सुटलाय, की त्या तू टाकल्यास. तू! दर वर्षी आमच्या पन्हळी साफ करून देणारा तू! डॉक्टर म्हणालेच होते, आपल्या माणसांवर आळ घ्यायला लागला की समजा दुखणं पुढे सरकलं."

"अगं, पण..."

"रोज सकाळी कॉफीचे तीन कप भरतो. घरात माणसं दोन! विचारलं तर म्हणतो, 'क्लिफ येईल. तो खरं न सांगता राहणारा माणूस नाही.' मी कप उचलते, हा पुन्हा मांडतो. थकले रे मी. लेकीने खोली बघितलीय तिकडे. सोमवारी नेतोय त्याला. दाताळंही कुलपात टाकलंय मी."

तिने पाव त्याच्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरू लागली. पाव अजून गरम होता. क्लिफ गप्प बसला असता तर कोण विचारणार होतं त्याला? आजारी माणसाच्या शब्दाला किंमत ती किती! पण तो पाव काही त्याच्याने हातात धरवेना.

"डोरीन! फांद्या मीच टाकल्या."

तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगला आहेस रे तू. पण त्याच्यासाठी स्वतःवर आळ नको घेऊस."

आता घ्या! जन्मात एकदा खरं बोलला, तर तेही पुण्यकर्मात जमा झालं. क्लिफने पाव कठड्यावर ठेवला आणि तसाच, नुसत्या मोज्यांवर, रस्ता ओलांडून तो ढिगाशी गेला. ओल्या पानांत कोपरापर्यंत हात घालून त्याने एक फांदी ओढली. साल पांढरीशुभ्र. दुसरी ओढली. तीही पांढरी.

"ही बर्च आहे, डोरीन. तुमच्या अंगणात सगळे मेपल. या गल्लीत बर्च एकाच दारात आहे. माझ्या."

डोरीनने फांदी हातात घेतली. नखाने साल खरवडली. मग रस्त्यापलीकडच्या त्या झाडाकडे बघत राहिली.

"आणि मी त्याला म्हटलं, वेड्यासारखं बरळू नकोस," ती म्हणाली.

ती फांदी तिने आपल्या तोंडावर मारावी, असं क्लिफला फार वाटलं. तिने मारली नाही. फांदी खाली टाकून ती गॅरेजकडे गेली, दाताळ्याचं कुलूप काढायला.

क्लिफ मान खाली घालून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. टेबलाशी लॉइड बसला होता. समोर तीन कप. त्याने क्लिफच्या चिंब मोज्यांकडे पाहिलं आणि पायाने एक खुर्ची मागे सरकवली.

"आलास? बस. कॉफी गार झाली असेल, त्याला मी काय करू? उशीर तू केलास."