गुलाबी हिऱ्याचं कानातलं

पारखीणबाई आत आल्या तशी पुतण्याने दाराला आतून कडी घातली. त्याची बायको कानातलं घेऊन उभीच होती. एकच. काकूचं होतं, जोडीतलं दुसरं सापडत नाही, काकांची तब्येत ही अशी, म्हणून एकदा पारखून ठेवावं म्हटलं, असं त्याने गोड आवाजात सांगितलं.

बाजारात बाईंना सगळे पारखीणबाईच म्हणत. हिऱ्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उजेडासाठी त्यांनी टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं. खिडकीला खिळे ठोकलेले होते. फोनची नुसतीच वायर भिंतीवर लोंबत होती. शेजारच्या पलंगावर म्हातारा पडून होता, हातापायांच्या काड्या झालेल्या. उशाशी औषधांच्या बाटल्या मात्र नव्याकोऱ्या, ओळीने मांडलेल्या.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि हिरा पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. रंग चढवलेला हिरा सगळीकडून सारखाच गुलाबी दिसतो. इथे गुलाबी रंग आत बारीक रेषारेषांनी उतरला होता, खाणीतूनच तसा आलेला. तीस वर्षांत असा हिरा त्यांच्या हाती दोनदाच आला होता. त्याच्या किमतीत हे घरच काय, अख्खी गल्ली आली असती.

पुतण्या पाणी आणायला गेला. त्याच्या मागोमाग बायकोही काहीतरी कुजबुजत गेली. तेवढ्यात म्हाताऱ्याने बाईंचं मनगट धरलं.

"खरा आहे म्हणून सांगा," तो पुटपुटला. "पाया पडतो तुमच्या."

बाईंना गलबलून आलं. बायकोच्या दागिन्याची लाज राहावी, एवढंच बिचाऱ्याला हवं असणार. पण याची किंमत कळल्यावर ही दोघं याला आठवडाभर तरी जगू देतील का? त्यांनी त्याचा हात थोपटला आणि अलगद सोडवून घेतला. धंद्यात त्या आजवर एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या.

पुतण्याने पाण्याचा पेला पुढे केला. "मग काय म्हणतोय हिरा?"

"कृत्रिम आहे. सोन्याचे येतील तेवढेच."

"नक्की?"

"लिहून देते."

त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. पुतण्याने कागद दोनदा वाचला, फी हातावर ठेवली, कडी काढली. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर जिन्यापाशी बाई चपला घालायला वाकल्या. एक जीव वाचवला, या विचाराने त्यांना हलकं वाटत होतं. उघड्या दारातून पुतण्याचा आवाज आला. तो बायकोशी अगदी शांतपणे बोलत होता.

"डॉक्टरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांग. दुसरं कानातलं कुठे लपवलंय ते सांगेपर्यंतच तर काकांना जगवायचं होतं."