बाईंचं मौन

"ये, बस," म्हणायला शलाकाने तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. दारात उभी असलेली वेनचिंग घाबरून तिच्याकडे बघत राहिली. शलाकाने पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच.

शनिवारी मंडळाच्या अंताक्षरीत आपल्या संघाला एकटीच्या जिवावर जिंकून दिल्याची ही शिक्षा होती. सकाळीच तिच्या नवऱ्याने, अभिजितने, डॉक्टरांकडे फोन लावला होता. इथल्या डच डॉक्टरांचं औषध ठरलेलं, पाणी प्या आणि पॅरासिटामॉल घ्या. वर पाच दिवस मौन, कुजबुजसुद्धा नाही. हे सांगताना त्याने चेहरा शक्य तेवढा दुःखी ठेवला होता, पण मेल्याला आनंद काही लपवता येत नव्हता.

शलाकाला मात्र खरंच रडू येत होतं. आज सोमवार, आणि शनिवारी वेनचिंगची परीक्षा.

वेनचिंग चीनमधल्या लुओयांगची. इथे बेस्ट नावाच्या गावात मावशीकडे राहायची. जवळच आइंडहोव्हनला विद्यापीठात जागा मिळाली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचे नऊपैकी साडेसहा हवेत, ही अट. दोनदा ती साडेपाचवर अडकली होती. आता शेवटची संधी. नाही जमलं तर जागा गेली आणि पोरगी परत लुओयांगला. ऐकण्यात मात्र तिला चांगले साडेआठ मिळायचे. त्याचं श्रेय शलाका बिनदिक्कत स्वतःकडे घ्यायची.

का घेऊ नये? सांगलीत आठ वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई ती. नवऱ्यामागून इथे आली आणि पाच वर्षांनी कुठे ही पहिली विद्यार्थिनी मिळाली. तीन महिने रोज तासभर तिने जीव तोडून शिकवलं होतं. पोरगी गुणाची, पण मूग गिळून बसल्यासारखी. काहीही विचारा, पाठ केलेली चार वाक्यं म्हणायची आणि गप्प. समोर माणूस गप्प बसलेला शलाकाला कसा बघवणार? मग ती स्वतःच उत्तर देऊन दाखवायची. गावाचा प्रश्न आला की सांगली आणि कृष्णेचा घाट. सणाचा आला की गौरी, आणि गौरीत जावेने घातलेला घोळ. वेनचिंग मान डोलवायची. गुरू बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. ती शलाकाला 'लाओशी' म्हणायची, म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'.

"अगं, बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," बाई तिला इंग्रजीतून बजावायच्या.

आता बाईंचंच सोनं पडून होतं. शलाकाने कागदावर लिहिलं, 'आवाज गेला. सॉरी.' आणि प्रश्नाची एक चिठ्ठी पुढे सरकवली. घरातल्या एका व्यक्तीविषयी दोन मिनिटं बोला.

वेनचिंग चार वाक्यं बोलली. आई प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, वगैरे. मग थांबली आणि बाईंची वाट बघू लागली. शलाकाच्या जिभेवर सासूबाई नुसत्या नाचत होत्या, पण बाहेर कशा येणार? रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. दोघींनाही ती शांतता सोसवेना.

"माझी आई," वेनचिंग अखेर म्हणाली, "बस चालवते."

शलाकाच्या भुवया वर गेल्या.

"शहरातली मोठी बस. शाळा सुटली की मी तिच्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायचे. बस वळली की माझं अक्षर वाकडं. शिक्षक रागवायचे. आई म्हणायची, सांग त्यांना, अक्षर वाकडं नाहीये, तो फाटकाजवळचा चौक आहे."

वेनचिंग स्वतःशीच हसली आणि पुढे सांगत सुटली. अडखळली, मागे आली, चूक स्वतःच दुरुस्त केली, पुन्हा निघाली. चहा निवून गेला. तीन महिन्यांत या पोरीची आई काय करते हेसुद्धा आपण विचारलं नाही, याची शलाकाला मनापासून लाज वाटली.

पण लाज वाटून परीक्षा थोडीच पुढे जाते? शुक्रवारपर्यंत हेच चाललं. बाई चिठ्ठी सरकवायच्या आणि मान डोलवायच्या. एक उत्तर देऊन दाखवता आलं नाही, एक चूक सांगता आली नाही. 'ऐन वेळी मी पोरीला वाऱ्यावर सोडलं,' असं तिने अभिजितला कागदावर लिहून दिलं आणि डोळे पुसले.

पुढच्या गुरुवारी वेनचिंग सायकल अंगणातच आडवी टाकून धावत आली.

"सात! लाओशी, बोलण्यात सात!"

शलाकाचा आवाज परतला होता. पाच दिवसांची थकबाकी तिने एका किंकाळीत वसूल केली. पोरीला मिठी मारली, तिच्या हातावर साखर ठेवली.

"बघ! तीन महिने घासून घेतलं, त्याचं हे फळ. शेवटी शेवटी घशाने दगा दिला, पण पाया पक्का होता ना! अगं, आवाज असता तर आठ मिळवून दिले असते तुला!"

वेनचिंग मान डोलवत राहिली. बाई श्वास घ्यायला थांबल्या, तेव्हा तिने हळूच विषय काढला. तिची एक मैत्रीण होती, तिचंही बोलण्यातच अडलं होतं. तिलाही लाओशींकडे यायचं होतं.

शलाकाचा आनंद गगनात मावेना. दुसरी विद्यार्थिनी! "सोमवारीच पाठव तिला. अगदी पहिल्यापासून शिकवते. तीन महिने तुझ्याकडून जे जे करून घेतलं, ते सगळं तिच्याकडून..."

वेनचिंगने आयुष्यात पहिल्यांदा बाईंना मध्येच थांबवलं.

"सगळं नको, लाओशी," ती अगदी अदबीने म्हणाली. "तुमचा घसा बसला होता ना, तिला फक्त तो आठवडा हवाय."