मिरजेतली थंडी

गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारणारे दोन्ही जेट मी दुसऱ्यांदा बसवले, पण ते तापेनात. लेक उद्या गाडीनं लेहला निघणार होती, तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून. तिकडं साधे जेट गोठतात, म्हणून हे विजेवर तापणारे आणले होते.

“हे तापल्याशिवाय तुला चावी मिळणार नाही,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर, ते तापत नव्हते याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

“अहो, थंडी असली तरच ते तापतात, असं सोबतच्या कागदावर लिहिलंय,” बायको म्हणाली. “मिरजेत ऑक्टोबरात कुठली थंडी?” तिनं समोरच्या रसवंतीतून वाडगाभर बर्फाचा चुरा आणला आणि दोन्ही जेटवर थापला. “घ्या, पडली थंडी.”

मी चावी फिरवली आणि जरा वेळानं बर्फात बोट खुपसलं. आत जेटला चांगली ऊब होती. लेकीनं गाडीत बसून बटण दाबलं, तशी पाण्याची धार काच ओलांडून थेट बायकोच्या तोंडावर.

“आता अडवायला दुसरं काही शोधू नका,” पदरानं तोंड पुसत ती म्हणाली.

लेकीनं चावी काढून माझ्यापुढं धरली.

“राहू दे तुझ्याकडंच,” मी म्हणालो.