एका नावाच्या दोघी

या, जरा पुढे सरकून बसा. नामाचा महिमा कीर्तनात नेहमीच ऐकता. आज एका नावानं दोघींना कसं छळलं, ते ऐका. गोष्ट लहानशीच आहे.

इंदिरानगरात, २००६ सालची अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ही तिथी. स्वयंपाकघरात सुमेधा श्राद्धाच्या वड्यांचं पीठ मळत होती. बाहेर सावत्र मुलगा अथर्व गुरुजींची वाट बघत कॉम्प्युटरपुढे बसला होता. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी इंटरनेटवर सगळ्या व्हिडिओ गेमची एक यादी चालवली होती. त्यातली नावं नीट लावायचं काम याच्याकडे.

सुमेधा पदराला हात पुसत दारात आली. "आजच्या दिवशी तरी सोड रे ते. काय एवढं खोडतोयस?"

"एकच गेम, मावशी. जपानात एका नावानं निघाला, अमेरिकेत दुसऱ्या. आपल्या मेन रोडला मिळतात त्या नकली पिवळ्या कॅसेटवर तिसरंच. लोकांनी तीन गेम समजून तीनदा लिहिलाय."

"मग कुठलं ठेवायचं?"

"पहिल्यांदा ज्या नावानं निघाला, ते वर. बाकीची खाली, देशासकट. पुसायचं कुठलंच नाही."

"आणि गेम दोन, पण नाव एकच असलं तर?"

"तिथे फार जपावं लागतं. एकाचं सगळं दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतं."

ती थोडं हसली. "तुमच्या गेमचं बरंय बाबा. माझं नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलं, तेव्हा तुझी आजी म्हणाली, सुमेधाच राहू दे. सगळ्या भांड्यांवर तेच कोरलंय."

अथर्वचा हात थांबला. चौदा वर्षांत हे त्यानं विचारलंच नव्हतं. "आधी काय होतं?"

"ललिता. कळवणला भाऊ म्हणायचा. तो गेल्यापासून कुणी म्हणत नाही."

तेवढ्यात गुरुजी आले.

"आईचं नाव?"

"सुमेधा," अथर्व म्हणाला.

गुरुजींचा आवाज खणखणीत. तीन वेळा नाव घेतलं गेलं, तीन वेळा अंगठ्यावरून तीळपाणी ताम्हनात पडलं. आत सुमेधेनं दर वर्षीसारखा ओट्याचा काठ घट्ट धरला. समोर खिरीचं पातेलं होतं. त्याच्या काठावर तेच नाव. लग्नानंतरच्या पहिल्याच नवमीला ती चुकून 'ओ' म्हणाली होती. खुर्चीत बसलेले अथर्वचे वडील, शामसुंदरराव, तेव्हा पांढरे पडले होते. तेव्हापासून या घटकेला ती ओठ मिटून घ्यायची.

श्राद्ध आटोपलं. गुरुजी म्हणाले, "आता पानं वाढायला सांगा."

शामसुंदररावांनी सवयीनं तोंड उघडलं. त्यांच्या आधी अथर्वनं हाक मारली.

"ललितामावशी, पानं वाढायला घे."

शामसुंदरराव मुलाकडे बघत राहिले. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यामागून उत्तर, लहान मुलीसारखं, जरा उशिरानं.

"ओ."

मंडळी, सांजवात लावाल तेव्हा ललितेला आठवालच. पण त्या गेलेल्या सुमेधेलाही आठवा. चौदा वर्षं त्या घरात तिच्या नावाची हाक रोज होत होती, आणि ओ दुसरीच देत होती.