बाहेरचा बाक

"गोलकीपर, तुम्ही आता जरा बाहेर बसा," अध्यक्ष म्हणाले.

रिवाजच होता तसा. हॉकीच्या गौरवदालनात कुणाचा फोटो लावायचा हे ठरवणाऱ्या समितीत ज्या सभासदाचं स्वतःचं नाव निघेल, त्याने उठून बाहेर जायचं. म्हणजे मागे राहिलेल्यांना मोकळेपणाने बोलता येतं. माणूस समोर नसला की लोक किती मोकळे होतात, हे काय सांगायला हवं?

निवृत्त खेळाडूंसाठी या खेपेला एकच जागा उरली होती आणि नावं दोन होती: गोलकीपर आणि फुलबॅक. एकाच संघातून खेळलेले, आता एकाच समितीत बसणारे. गोलकीपर खुर्चीवर जोर देऊन उठला, फुलबॅकच्या खांद्यावर हात टेकून त्याने तोल सावरला आणि पुटपुटला, "सांभाळ रे." मॅच सुरू होताना म्हणायचा तसंच. मग दार लागलं.

गोलकीपरची बायको अंथरुणाला खिळली आहे आणि सारखी फोटोचं विचारते, हे फुलबॅकला ठाऊक होतं. दालनात पुन्हा जागा निघणार ती पाच वर्षांनी, हेही ठाऊक होतं. तोवर आपला फोटो लागेलच, पण तो घरी, हार घालून.

"बोला," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा धंदा इमारती बांधायचा. स्टिक त्यांनी हातात घेतली होती ती फक्त उद्घाटनाला, आणि तीही उलटी. "तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून पाहिलंय."

"हात सोन्याचे होते त्याचे," फुलबॅक म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. "पण…"

संघाच्या जुन्या डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला.

"पण मोठ्या मॅचला गळपटायचा. सेमीफायनलचा तो गोल आठवतोय ना? साधा बॉल होता. पायांतून गेला. कप गेला आपला." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आता मित्र आहे म्हणून खोटं कसं बोलू?"

खोटं तर तो बोलून बसला होता. तो चेंडू वळला होता फुलबॅकच्याच स्टिकला लागून. मनगटाला बसलेला तो बारीक झटका त्याला अजून आठवत होता. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, आणि गावभर छी-थू झाली तरी गोलकीपरने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मैत्रीत उपकार असे एकाच्याच खात्यावर साठत गेले की दुसऱ्याला ते फेडावेसे वाटत नाहीत, बुडवावेसे वाटतात.

गोलकीपरला आत बोलावलं. त्याचा चेहरा बाहेर जाताना होता तसाच होता.

"जा, तुझी पाळी," तो म्हणाला आणि फुलबॅकला वाट द्यायला बाजूला सरला.

बाहेर बोळात प्लायवूडच्या भिंतीला लावलेला एक बाक होता. फुलबॅक आधी येरझाऱ्या घालत राहिला. आतून पंख्याच्या घरघरीपलीकडे काही कळत नव्हतं. गुडघा कुरकुरू लागला तसा तो बाकावर बसला, मागे रेलला, आणि डॉक्टरांचं खोकणं थेट त्याच्या कानात शिरलं.

त्याने मान वळवली. भिंतीला, बसल्या माणसाच्या कानाशी, कूलरची नळी काढून नेल्यावर राहिलेलं भोक होतं. आत कुणाच्या तरी कपात चमचा फिरत होता, तोसुद्धा ऐकू येत होता. भोकाखाली, बाकावर, गोलकीपरचा रुमाल राहिला होता. धुतलेलं कापड पिळावं तसा पिळलेला.

उठून लांब जाता आलं असतं. फुलबॅक तिथेच बसून राहिला.

"माझी एक शंका आहे," आत डॉक्टर म्हणत होते. "मी त्या दिवशी मैदानाच्या कडेलाच होतो. मला तेव्हा वाटलं होतं, बॉल फुलबॅकच्या स्टिकला लागून वळला. तसं असेल तर मघाचं सगळंच फिरवावं लागेल. तुम्ही त्याच्या मागेच उभे होता. खरं काय ते तुम्हीच सांगा."

फुलबॅकने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. सांगून टाक बाबा, तो मनात म्हणत होता. उभ्या जन्मात स्वतःविरुद्ध त्याने काही मागितलं असेल तर ते एवढंच.

"नाही," गोलकीपरचा आवाज आला. गरजेपेक्षा जरा मोठाच. "कुणाच्या स्टिकला लागला नाही. साधा बॉल होता. माझ्या पायांतून गेला."

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्ष म्हणाले.

दार उघडलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. गोलकीपरही वाजवत होता, आणि सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या थांबल्या नाहीत. अध्यक्षांनी फुलबॅकचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, फोटो चांगला मोठा द्या म्हणाले. डॉक्टर कागद आवरू लागले. फुलबॅकला बसायला जागा होती ती आपल्याच खुर्चीवर, गोलकीपरच्या शेजारी.

गोलकीपर त्याच्याकडे झुकला.

"बाहेर उभा होतास की बसला होतास?"

"उभा," फुलबॅक म्हणाला. "सगळा वेळ उभाच होतो."

"बरं केलंस." गोलकीपरने निवलेल्या चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "त्या बाकावर बसवत नाही."