वाजणारा कोळसा

"कुसुमताई, हवेसाठी खिडकी पाडलीत की काय शर्टाला?"

स्पृहानं पांढरा शर्ट उजेडात धरला. खिशाखाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. पंधरवड्यातलं हे तिसरं. "आज प्रेझेंटेशन होतं माझं. पुन्हा असं झालं ना, तर सॉरी, सगळी बिल्डिंग लाँड्रीत कपडे देणार. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये तोच विषय आहे."

सगळी बिल्डिंग म्हणजे कुसुमचं सगळं पोट. येरवड्यात कॉम्प्युटरवाल्यांची ही इमारत उभी राहिली, तेव्हापासून तिची इस्त्रीची गाडी फाटकाशी होती. वीज दिवसातून दोनदा जायची, कोळशाची इस्त्री जायची नाही. एवढ्या भांडवलावर तिनं आठ वर्षं काढली होती. पण आता कोळसाच असा हरामखोर निघाला, तर बाईनं करायचं काय?

ती तडक पोपटशेठच्या वखारीत गेली. पोत्यातले दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले. भद्द आवाज आला.

"शेठ, ह्यो कोळसा न्हाई, करपल्यालं लाकूड हाय. कवळं झाड तोडलंय आन् भट्टी घाईनं उघडलीय. ठिणग्या उडत्यात. मला जुन्या झाडाचा द्या, ऐनाचा. हातात वाजला पायजे."

"कुसुमबाई, इस्त्री करता की तंबोरा लावता?"

"न्हाई तर दुसरी वखार बघते. हिथल्या समद्या इस्त्रीवाल्यास्नी घेऊन जाते."

पोपटशेठचं हसू मावळलं. "बघतो," म्हणाला.

कोळशातलं तिला कुणी शिकवायला नको होतं. मुळशीपल्याडच्या डोंगरात तिनं आणि नवऱ्यानं, रतननं, बारा वर्षं भट्ट्या लावल्या होत्या. डोंगर बोडका झाला, झरा आटला, तेव्हा साऱ्या गावाला बेलभंडार उचलायला लावणारीही तीच. भट्ट्या विझल्या आणि पोटामागं ही दोघं पुण्याला आली. शपथ कोळसा पाडायचा नाही अशी होती. विकत घ्यायचा नाही असं काही कुणी म्हटलं नव्हतं.

गाव सोडताना ती देवराईत गेली होती. देवाच्या नावानं राखलेलं तेवढंच रान उरलं होतं, तिथली काडीसुद्धा कुणी उचलत नसे. तिथल्या म्हाताऱ्या ऐनाला तिनं नवसाची घंटा बांधली. घंटेला आकडा हवा होता. भट्टी ढोसायची सळई आता लागणार नव्हतीच. रतननं तिचा तुकडा काढला, पीळ देऊन वाकवला आणि खोडात ठोकला.

आठव्या दिवशी पोपटशेठचं पोतं आलं. कुसुमनं तुकड्यावर तुकडा आपटला, तो भांड्यासारखा खणखणला. इस्त्री तासभर लालबुंद राहिली. धूर नाही, ठिणगी नाही. स्पृहाचा शर्ट कोरा करकरीत निघाला.

"परफेक्ट! मीटिंगमध्ये सांगते मी, कुसुमताईच राहू देत."

कुसुमचा जीव भांड्यात पडला. आपल्या कानावर ती मनातल्या मनात खूशही झाली.

दुपारी इस्त्री पुन्हा भरताना एक तुकडा वाजला नाही. हाताला जड लागला. वजनासाठी दगड घातला असेल मेल्यानं, म्हणून तिनं तो गाडीच्या चाकावर हाणला. तुकडा दुभंगला. झाडानं वाढता वाढता पोटात घेतलेली सळई आत होती. वाकवलेली, उलट्या हातानं पीळ दिलेली. रतन डावखुरा होता.

आधी तिनं पोपटशेठला शिव्या घातल्या. मग शपथ मोडणाऱ्या गावाला. मग शिव्या तोंडातच राहिल्या. जुन्या झाडाचा, ऐनाचा, हातात वाजणारा. तसा ऐन त्या डोंगरात देवराईवाचून उरला होता कुठं?

गाडीवर चाळीस शर्ट बाकी होते आणि इस्त्री रसरसून तापलेली होती. तेवढ्यात पोपटशेठचा टेंपो समोर थांबला. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"वाजतोय ना, कुसुमबाई? हा आणला तिथं अजून तीन झाडं उभी आहेत म्हणे. तुमच्यासाठी पाडायला सांगू?"