एक सेकंद जातो, परत येतो

“बघा, गेला,” ती म्हणाली. स्क्रीन काळा झाला होता. मनात एक म्हणेपर्यंत चित्र परत आलं.

दुरुस्तीवाला खूश झाला. रोग समोर दिसला की डॉक्टर खूश होतात, तसाच. याआधी दोनदा तो सकाळी येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा कॉम्प्युटर अगदी शहाण्यासारखा वागला होता. तरी त्याने केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड काढून त्याचे दात खोडरबराने घासले आणि परत बसवलं. पण दुपार झाली की स्क्रीनचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आज तिने त्याला मुद्दाम चारला बोलावलं होतं. येताना त्याने स्वतःचा मॉनिटर आणून जोडला, आणि आत्ता काळा झाला तो त्याचाच मॉनिटर.

“हळू बोला हं,” ती म्हणाली. “पलीकडे बाबांचा डोळा लागलाय.”

पलीकडे म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे. खोली एकच. अर्ध्यात तिचं टेबल, अर्ध्यात वडील. तीन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पायाने मात्र दगा दिला. चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस. दुरुस्तीवाला त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या शिट्टीवर अख्ख्या मैदानाने उठाबशा काढल्या होत्या, आणि याच्या वाट्याला जरा जास्तच आल्या होत्या. मुलीच्या देखत ते एकदाच उभे राहायला गेले आणि तिच्या अंगावर कोसळले. त्यानंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. होत नाही म्हटलं ना, एवढंच बोलले.

स्क्रीनवर एक अर्ज उघडा होता. रविवारी तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता, बाबांना आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत ठेवायला. भावाचं तरी काय चुकलं? बाबांना उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. ते नुसते स्वतःच्या पायावर उभे राहिले असते ना, तर मी त्यांना घरातून हलवू दिलं नसतं, असं तो फोनवर म्हणाला होता, आणि म्हणताना रडला होता. अर्ज भरायचं काम तिच्याकडे आलं. चार दिवस ती अकराव्या प्रश्नावर अडून बसली होती. ‘स्वतःहून उठून उभे राहू शकतात का?’ ‘नाही’वर एक टिचकी मारायची, सुटलो. तेवढं तिला होत नव्हतं, आणि खापर ती स्क्रीनवर फोडत होती.

दुरुस्तीवाल्याने कान खाजवला. “मॉनिटर बरा, कार्ड बरं, केबल नवी. ताई, घरात चाकांची खुर्ची आहे का? ती वर-खाली होणारी, गॅसच्या दांड्याची?”

“खुर्चीचा काय संबंध?”

“हसू नका. तसल्या खुर्चीवरून माणूस उठला की गादी घासून वीज साठते आणि दांड्यात बारीक ठिणगी पडते. जवळची केबल ती पकडते, आणि स्क्रीन सेकंदभर जातो. एका ऑफिसात मी दोन मॉनिटर बदलले. दोष निघाला साहेबांच्या खुर्चीत.”

ती स्वतः बसली होती साध्या लाकडी खुर्चीवर. “माझी होती तशी,” ती म्हणाली. “आता बाबांना दिलीय. बाथरूमपर्यंत ढकलत न्यायला बरी पडते. दुपारी सरकू नये म्हणून इथेच, पार्टिशनला टेकवून ठेवते. पण बाबा कुठले उठायला? सकाळी मी बसवते, रात्री मीच उचलते.”

स्क्रीन काळा झाला. परत आला.

दोघांनी पार्टिशनकडे पाहिलं. पलीकडे शांत होतं. कान दिला तर दात आवळून सोडलेला एक श्वास तेवढा ऐकू येत होता. स्क्रीन काळा झाला. परत आला.

ती ताडकन उठली, तसा त्याने हात आडवा घातला. “नका जाऊ,” तो कुजबुजला. “कुणी बघू नये म्हणूनच सर दुपारचे सराव करतायत.”

ती मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले. पंधरा दिवस ती या स्क्रीनला शिव्या घालत होती.

“जाड आवरणाची केबल आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “लावली की हे थांबेल. लावू?”

“नको,” ती म्हणाली. “राहू दे असंच.”

त्याने आपला मॉनिटर काढला, तिचा जोडून दिला, आणि चपला हातात घेऊन दारापर्यंत अनवाणी गेला. ती एकटीच स्क्रीनसमोर बसून राहिली. स्क्रीन काळा झाला की ती मनात आकडा मोजायची. पाच. सहा. सातनंतर बराच वेळ काही झालं नाही. मग आठ. नऊ. दहा झाले तेव्हा तिने तो अर्ज बंद केला. पण मग तिला राहवेना.

“बाबा,” ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “किती झाल्या?”

पलीकडून मैदानावरचा तो जुना आवाज आला, जरा धापा टाकत.

“अठरा. आणि मोजणी चालू असताना रांगेत बोलायचं नाही.”